मुख-स्नायुकार्य उपचाराच्या व्यावसायिक प्रशिक्षणाचा इतिहास : दंतवैद्यक आणि वाचाउपचार यांच्या सीमेवरील एका विद्येचा अभ्यास

बीजशब्द : मायोफंक्शनल थेरपी, दंतवैद्यक, वाचाउपचार, व्यावसायिक प्रशिक्षण, प्रमाणीकरण, वैद्यकाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

वैद्यकीय विद्येचा इतिहास लिहिताना सर्वसाधारणपणे शोध, शोधक आणि उपकरणे यांचा कालक्रम मांडला जातो. ती विद्या कोणी कोणाला शिकवली, किती काळात शिकवली, शिकणाऱ्याची परीक्षा कोणी घेतली आणि शिकविण्याचा अधिकार कोणी दिला, हे प्रश्न मात्र दुय्यम ठरतात. प्रत्यक्षात एखादी उपचारपद्धती समाजात रुजते की नाहीशी होते, हे बऱ्याच अंशी या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात ओरोफेशियल मायोफंक्शनल थेरपी, म्हणजेच मुख आणि चेहरा यांच्या स्नायूंच्या कार्यात सुधारणा घडविणारा उपचार, या एका लहानशा विद्याशाखेच्या प्रशिक्षणाचा इतिहास या दृष्टीने तपासला आहे. सोयीसाठी पुढे तिचा उल्लेख 'मुख-स्नायुकार्य उपचार' असा केला आहे.

या उपचाराचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. निरोगी व्यक्तीमध्ये विश्रांतीच्या अवस्थेत ओठ सहज मिटलेले असतात, श्वास नाकाने चालतो आणि जीभ वर टाळूला टेकलेली असते. काही मुलांमध्ये तोंड उघडे राहते, श्वास तोंडाने घेतला जातो, जीभ खाली किंवा दातांच्या मध्ये विसावते आणि गिळताना ती पुढच्या दातांवर रेटली जाते. या शेवटच्या लक्षणाला व्यवसायात 'टंग थ्रस्ट' असे नाव आहे. अशा मुलांपैकी काहींमध्ये मागचे दात मिटले तरी पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांत फट राहते. काहींचा 'स' दातांतून निसटल्यासारखा ऐकू येतो. जीभ, ओठ आणि गाल यांच्या ठराविक व्यायामांनी, तसेच जिभेच्या विश्रांतीची जागा बदलण्याच्या सरावाने ही स्थिती सुधारणे हे या उपचाराचे उद्दिष्ट होय.

येथेच व्यावसायिक अधिकाराचा प्रश्न उद्भवतो. दात दंतवैद्याच्या कक्षेत येतात, उच्चार वाचाउपचारतज्ज्ञाच्या कक्षेत येतात. जीभ मात्र दोघांच्याही कक्षेत येते. म्हणून हा उपचार कोणी शिकावा, कोणी शिकवावा आणि कोणी करावा, या प्रश्नाने विसाव्या शतकात दोन व्यवसायांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले.

लेखाची उद्दिष्टे आणि पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) मुख-स्नायुकार्य उपचाराच्या प्रशिक्षणाचे प्रमुख टप्पे निश्चित करणे, (२) १९७५ साली अमेरिकेत या उपचाराविरुद्ध घेतल्या गेलेल्या भूमिकेचा प्रशिक्षणावर झालेला परिणाम तपासणे, (३) भारतातील व्यावसायिक शिक्षणाच्या रचनेच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ लावणे. लेखाची पद्धती ऐतिहासिक आणि विश्लेषणात्मक असून व्यावसायिक नियतकालिकांतील लेखन, पाठ्यग्रंथ, संघटनांची निवेदने आणि कायदे हा तिचा आधार आहे.

१९७५ची भूमिका हा या विद्येवरील सर्वांत मोठा आघात होता, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. त्यापूर्वी प्रशिक्षण पुराव्याच्या पुढे धावत होते. त्या नकारामुळेच प्रशिक्षणाला व्यावसायिक शिस्त आली आणि विद्या टिकली.

पूर्वपीठिका

जीभ, दात आणि ओठ यांचा परस्परसंबंध मानवाला नवा नाही. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य हे आपल्या परंपरेतील वर्णांचे वर्गीकरण उच्चारस्थानावरच आधारलेले आहे. परंतु ते ध्वनीचे वर्णन होते. दातांच्या ठेवणीचे निदान करणे हा त्याचा हेतू नव्हता. दातांची ठेवण ही भोवतालच्या स्नायूंच्या दाबावर अवलंबून असते, हा विचार आधुनिक दंतवैद्यकात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाला. इंग्लंडमधील चार्ल्स टोम्स यांनी १८७३ मध्ये बाहेरून ओठ-गाल आणि आतून जीभ यांच्या दाबांमध्ये दात आपली जागा घेतात, अशा आशयाची मांडणी केली.

अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या सदोष ठेवणीचे वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि १९०० च्या सुमारास सेंट लुइस येथे केवळ दात सरळ करण्याच्या विद्येसाठी स्वतंत्र विद्यालय सुरू केले. ऑर्थोडॉन्टिक्स ही दंतवैद्यकातील पहिली विशेष शाखा ठरली, यामागे या विद्यालयाचे योगदान मोठे आहे. ओठ, जीभ आणि तोंडाने श्वास घेण्याची सवय यांचा दातांवर होणारा परिणाम अँगल यांच्या लेखनात नमूद आहे. पण त्यांच्या शिकवणीचा भर तारा आणि यांत्रिक उपकरणे यांवर होता. स्नायू हे कारण म्हणून मान्य झाले, उपचाराचे साधन म्हणून नव्हे.

रॉजर्स यांचा प्रयोग : विद्या होती, विद्यालय नव्हते

स्नायूंना उपचाराचे साधन मानण्याचे श्रेय बोस्टनचे ऑर्थोडॉन्टिस्ट आल्फ्रेड रॉजर्स यांना दिले जाते. १९१८ साली त्यांनी चेहऱ्याच्या स्नायूंच्या विकासासाठी करावयाच्या व्यायामांवर लेखन प्रसिद्ध केले. जबडा मिटणारे स्नायू, ओठांभोवतीचा वर्तुळाकार स्नायू आणि जीभ यांना नियमित व्यायाम दिल्यास ते स्वतःच दातांना योग्य जागी ठेवतात, अशी त्यांची धारणा होती. स्नायू ही जणू जिवंत उपकरणेच होत, असे ते म्हणत.

रॉजर्स यांच्या पद्धतीचा पुढे अपेक्षित प्रसार झाला नाही. याचे एक कारण असे की, व्यायामाचे यश मुलाच्या आणि पालकांच्या चिकाटीवर अवलंबून असते. तारा एकदा बसविल्या की मुलाच्या इच्छेची तेवढी गरज उरत नाही. दुसरे कारण प्रशिक्षणाशी संबंधित आहे. लहान मुलाकडून महिनोन्‌महिने सराव करवून घेणे हे मूलतः अध्यापनाचे कौशल्य आहे. दंतवैद्याच्या शिक्षणात या कौशल्याला स्थान नव्हते आणि त्याच्या दवाखान्याच्या वेळापत्रकातही नव्हते. रॉजर्स यांच्याकडे विद्या होती. पण ती पुढच्या पिढीकडे नेणारी संस्था नव्हती.

युरोपात याच काळात वेगळा मार्ग निघाला. व्हिगो आंद्रेसन आणि कार्ल हॉयप्ल यांनी १९३६ साली स्नायूंच्या कार्याचा उपयोग करून घेणाऱ्या सैल उपकरणांची उपचारपद्धती ग्रंथरूपाने मांडली. पुढे पूर्व जर्मनीतील रोल्फ फ्रेंकेल यांनी ती आणखी विकसित केली. येथे व्यायामाची जागा उपकरणाने घेतली आणि त्यामुळे प्रशिक्षण दंतवैद्यकाच्या चौकटीतच राहिले. अमेरिकेत मात्र व्यायाम हा व्यायामच राहिला. म्हणून तो शिकविणाऱ्या दुसऱ्या व्यावसायिकाची गरज निर्माण झाली.

वाचाउपचारतज्ज्ञांचा प्रवेश

हा दुसरा व्यावसायिक वाचाउपचारतज्ज्ञांच्या रूपाने उपलब्ध होत होता. अमेरिकेत १९२५ साली या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे ती अमेरिकन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशन या नावाने ओळखली गेली. विशिष्ट स्थानी जीभ टेकविणे, आरशासमोर सराव, घरी करावयाचा अभ्यास, आठवड्याच्या आठवड्याला प्रगतीची नोंद ही या तज्ज्ञांची नित्याची साधने होती. रॉजर्स यांच्या पद्धतीला जे हवे होते, नेमके तेच त्यांच्यापाशी होते.

या दोन व्यवसायांच्या सहकार्याचा एक चांगला आदर्शही तेव्हा घडत होता. हर्बर्ट कूपर या ऑर्थोडॉन्टिस्टने १९३८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे फाटलेल्या टाळूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र दवाखाना सुरू केला. शल्यविशारद, दंतवैद्य आणि वाचाउपचारतज्ज्ञ यांनी एकाच रुग्णाचा एकत्र विचार करावा, ही त्यामागील भूमिका होती. १९४३ साली या क्षेत्रातील राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. फाटलेला टाळू हा डोळ्यांना दिसणारा, निर्विवाद दोष होता. त्यामुळे कोणी काय करावे हे ठरविणे तुलनेने सोपे गेले. गिळताना जीभ पुढे येणे हा दोष आहे की नैसर्गिक फरक आहे, याचा निर्णय तेवढा सोपा नव्हता.

कॅलिफोर्नियातील ऑर्थोडॉन्टिस्ट वॉल्टर स्ट्राउब यांनी १९६० ते १९६२ या काळात अमेरिकन जर्नल ऑफ ऑर्थोडॉन्टिक्समध्ये जिभेच्या सदोष कार्यावर तीन भागांची लेखमाला लिहिली. सदोष गिळण्याचे खापर त्यांनी प्रामुख्याने बाटलीने दूध पाजण्यावर फोडले. या लेखमालेच्या शीर्षकातच ऑर्थोडॉन्टिक उपचार आणि वाचाउपचार यांचा एकत्र उल्लेख आहे, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. तारा काढल्यानंतर दात पुन्हा पूर्वीच्या जागी सरकत आणि त्यामागे जीभ आहे असे दंतवैद्याला वाटे. ती जीभ 'शिकवून सुधारण्याचे' काम त्याने दुसऱ्या व्यावसायिकाकडे सोपविण्याचा मार्ग येथे खुला झाला.

अल्पमुदतीच्या वर्गांचा काळ

१९६० च्या दशकात आणि १९७० च्या प्रारंभी या उपचाराचा झपाट्याने प्रसार झाला. तो विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतून फारसा झाला नाही. त्याचा मुख्य मार्ग व्यक्तिप्रधान शिकवणीचा होता. फ्लोरिडातील कोरल गेबल्स येथे डॅनिएल गार्लिनर यांनी मायोफंक्शनल थेरपीची संस्था चालविली आणि १९७१ व १९७६ साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केले. पहिल्या ग्रंथाचे शीर्षकच दंतव्यवसायातील मायोफंक्शनल थेरपीविषयी होते. वाचाउपचाराच्या बाजूने रिचर्ड बॅरेट आणि युटा विद्यापीठातील मार्विन हॅन्सन यांनी १९७४ मध्ये मुख-स्नायुकार्याच्या विकृतींवर पाठ्यग्रंथ लिहिला. दोन वेगवेगळ्या व्यवसायांच्या वाचकांसमोर एकच विद्या ठेवण्याचा हा काळ होता.

या शिकवणीचे बलस्थान आणि दौर्बल्य एकाच गोष्टीत होते. एखाद्या अनुभवी व्यक्तीने आपली पद्धत थोड्या दिवसांच्या वर्गात शिकवावी आणि शिकणाऱ्याने ती आपल्या गावी जाऊन लगेच वापरावी, यामुळे प्रसार लवकर झाला. परंतु प्रत्येक गुरूची व्यायामांची मालिका वेगळी, निदानाचे निकष वेगळे आणि यशाची व्याख्याही वेगळी होती. शिकणाऱ्यांत दंतवैद्य होते, वाचाउपचारतज्ज्ञ होते आणि दवाखान्यात दातांची स्वच्छता व प्रतिबंधक काम पाहणारे दंत-आरोग्यसहायकही होते. त्यांपैकी कोणाचे ज्ञान कोठे अपुरे आहे, हे तपासणारी यंत्रणा नव्हती.

दरम्यान निदानाचा पाया डळमळीत असल्याचे दर्शविणारे संशोधन प्रसिद्ध झाले होते. सॅम्युएल फ्लेचर आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये १६०० हून अधिक शालेय विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. जीभ पुढे ढकलून गिळणाऱ्यांचे प्रमाण वय वाढते तसे कमी होत जाते, असे त्यात आढळले. याच मुलांमध्ये 'स'सारख्या ऊष्म ध्वनींचे दोष अधिक होते, असेही आढळले. याचा अर्थ असा की, दोन गोष्टींचा संबंध होता. पण उपचार न करताही अनेक मुले वयाबरोबर सुधारत होती. मग एखाद्या सात वर्षांच्या मुलात दिसलेला बदल व्यायामाचा की वयाचा, हे तुलनागट घेतल्याशिवाय सांगता येणे शक्य नव्हते. अल्पमुदतीच्या वर्गात नेमका हाच प्रश्न विचारायला वेळ नव्हता.

१९७२ साली या क्षेत्रातील व्यावसायिकांनी आपली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिचे आजचे नाव इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ ओरोफेशियल मायॉलॉजी असे आहे. सदस्यत्वासाठी एकाच व्यवसायाची अट न घालता दोन्ही बाजूंच्या व्यावसायिकांना एका छताखाली आणणे हे तिचे वैशिष्ट्य होते. मात्र तिच्यासमोरील पहिले मोठे आव्हान लगेचच उभे राहिले.

१९७५ चा नकार

दंतवैद्यक आणि वाचाविज्ञान यांच्या राष्ट्रीय संघटनांची एक संयुक्त समिती अमेरिकेत कार्यरत होती. तिने उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन तयार केलेले निवेदन १९७५ मध्ये वाचा-श्रवण संघटनेच्या वतीने प्रसिद्ध झाले. त्याचा आशय स्पष्ट होता. 'टंग थ्रस्ट' हे निदान म्हणून पुरेसे सिद्ध झालेले नाही. सामान्य आणि सदोष गिळण्यात फरक करण्यास शास्त्रीय पुरावा अपुरा आहे. उपचाराने दातांच्या ठेवणीत स्थिर व सातत्यपूर्ण बदल होतो हेही दाखविता आलेले नाही. म्हणून गिळण्याची पद्धत बदलण्याच्या हेतूने वाचाउपचारतज्ज्ञांनी उपचार करावेत, अशी शिफारस करता येणार नाही; संशोधन मात्र वाढवावे.

या भूमिकेमागील वैज्ञानिक युक्तिवाद ऑर्थोडॉन्टिस्ट विल्यम प्रॉफिट आणि रॉबर्ट मेसन यांच्या १९७४-७५ मधील लेखनातून समजतो. मेसन यांनी वाचाविज्ञानात पीएच.डी. आणि दंतवैद्यकाची पदवी अशा दोन्ही पात्रता मिळविल्या होत्या, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. जीभ दातांना ढकलते म्हणून फट पडते, असे मानले जात होते. अनेकदा फट आहे म्हणून गिळताना ती बंद करण्यासाठी जीभ पुढे येते, असे त्यांचे म्हणणे होते. कार्य आणि कारण यांची ही अदलाबदल साधी वाटली तरी तिने संपूर्ण उपचाराचा हेतूच प्रश्नांकित केला.

प्रॉफिट यांनी १९७८ मध्ये दातांच्या समतोलाच्या सिद्धांताचा फेरविचार करताना हा युक्तिवाद पुढे नेला. गिळताना दातांवर येणारा दाब सुमारे एक सेकंद टिकतो आणि माणूस दिवसभरात साधारणतः हजारापेक्षा कमी वेळा गिळतो. सारे क्षण एकत्र केले तरी ते काही मिनिटेच भरतात. दात हलण्यासाठी एवढा काळ पुरेसा नाही. उलट विश्रांतीत जीभ जेथे राहते, तेथील हलका दाब तासन्‌तास टिकतो. या एका हिशेबाने प्रशिक्षणाचा केंद्रबिंदू बदलण्याची दिशा दाखविली. शिकवावयाचे ते केवळ गिळणे नव्हे. जिभेची आणि ओठांची विश्रांतीची ठेवण अधिक महत्त्वाची होय.

नकारानंतरची पुनर्रचना (१९७५-१९९३)

व्यावसायिक संघटनेच्या या भूमिकेनंतर विद्या संपुष्टात आली असती तर आश्चर्य वाटले नसते. तसे घडले नाही. संघटनेचे नियतकालिक १९७५ सालीच सुरू झाले. नकाराला उत्तर द्यायचे तर निष्कर्ष लिहून, इतरांच्या टीकेसमोर मांडावे लागतील, हे त्यातून मान्य झाले. हॅन्सन आणि बॅरेट यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठ्यग्रंथात मूलतत्त्वांची नव्याने मांडणी केली. संघटनेने प्रमाणपत्रासाठी अभ्यासक्रम, लेखी परीक्षा आणि उमेदवाराच्या प्रत्यक्ष कामाचे निरीक्षण असे टप्पे ठेवले. गुरूच्या नावावर चालणारी शिकवणी अशा रीतीने व्यक्तिनिरपेक्ष मूल्यमापनाकडे वळली.

याहून उल्लेखनीय गोष्ट म्हणजे टीकाकारांचा सहभाग होय. मेसन यांनी पुढील काळात या क्षेत्राच्या नियतकालिकातून विपुल लेखन केले आणि त्याच्या मर्यादा व शक्यता दोन्ही दाखविल्या. ज्याने प्रश्न विचारले, त्यालाच शिक्षक मानण्याचा हा विवेक विद्येच्या इतिहासात नेहमीच आढळतो असे नाही.

या प्रक्रियेचे फळ १९९१ साली दिसले. अमेरिकेतील वाचा-भाषा-श्रवण संघटनेने मुख-स्नायुकार्याच्या विकृतींचे मूल्यमापन व उपचार हे योग्य प्रशिक्षण असलेल्या वाचाउपचारतज्ज्ञाच्या कार्यकक्षेत येतात, अशी भूमिका स्वीकारली. मात्र हे काम दंतवैद्य व वैद्य यांच्या सहकार्याने व्हावे, यावर तिने भर दिला. १९९३ मध्ये संघटनेने या कामासाठी आवश्यक ज्ञान आणि कौशल्ये यांचे स्वतंत्र निवेदन प्रसिद्ध केले. सोळा ते अठरा वर्षांच्या अवधीत 'करू नये' पासून 'कोणत्या पात्रतेने करावे' पर्यंतचा हा प्रवास आहे. १९७५ पूर्वी प्रशिक्षणाचा प्रश्न 'व्यायाम कोणते?' असा होता. १९९३ नंतर तो 'कोणाला व्यायाम देऊ नयेत आणि कोणाला आधी दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवावे?' असा झाला. नाकाचा मार्ग वाढलेल्या ग्रंथींमुळे बंद असलेल्या मुलाला ओठ मिटण्याचा सराव देणे निष्फळ असते. त्याला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाची गरज असते. हे ओळखता येणे हा प्रशिक्षित आणि अर्धप्रशिक्षित व्यावसायिकांतील खरा फरक होय.

ब्राझीलचा मार्ग

अमेरिकेत ही विद्या दोन व्यवसायांच्या सीमेवर वाढली; ब्राझीलमध्ये ती एका व्यवसायाच्या गाभ्यात वाढली. तेथे ९ डिसेंबर १९८१ च्या कायद्याने वाचा व श्रवण उपचारांच्या व्यवसायाला वैधानिक मान्यता मिळाली. १९९० च्या दशकात व्यवसायाच्या नियामक परिषदेने मान्य केलेल्या विशेष शाखांत श्रवण, भाषा आणि आवाज यांच्या जोडीने मुखाच्या हालचालींची शाखाही होती. परिणामी हा विषय विद्यापीठीय शिक्षणाचा आणि पदव्युत्तर विशेषीकरणाचा भाग बनला. इरेने मार्केझान यांच्यासारख्या अभ्यासकांनी मूल्यमापनाचे गुणांकनासह तक्ते विकसित केले. त्यामुळे दोन तज्ज्ञांच्या निदानाची तुलना करणे शक्य झाले.

राज्यसंस्थेने या विद्येला दिलेले बळ २०१४ च्या कायद्यात दिसते. त्यान्वये प्रसूतिगृहांत नवजात बालकांच्या जिभेखालील बंधाची तपासणी अनिवार्य करण्यात आली. या सक्तीवर बालरोगतज्ज्ञांकडून आक्षेपही घेतले गेले. पुरावा किती, आणि त्यावर आधारलेली सक्ती किती, हा १९७५ चाच प्रश्न येथे वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहिला.

याच देशातून या विद्येला तिचा एक महत्त्वाचा नियंत्रित प्रयोग मिळाला. कातिया ग्विमाराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली झोपेत श्वास अडण्याच्या मध्यम तीव्रतेच्या विकाराच्या ३१ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी करून एका गटाला तीन महिने जीभ, मृदू टाळू आणि घसा यांचे व्यायाम दिले. दुसऱ्याला नाममात्र उपचार दिला. व्यायाम करणाऱ्यांमध्ये श्वास अडण्याच्या निर्देशांकात सुमारे ३९ टक्के घट झाली. २०१५ मधील एका एकत्रित विश्लेषणात ही घट प्रौढांत सुमारे ५० टक्के आणि मुलांत ६२ टक्के नोंदविली गेली. मात्र २०२० च्या कॉक्रेन समीक्षेने उपलब्ध पुराव्याची खात्री मर्यादित असल्याचे दाखवून दिले. दातांसाठी निर्माण झालेली विद्या श्वासापर्यंत पोहोचली. सोबत पुराव्याची मागणीही पोहोचली.

भारतीय संदर्भ

भारतात या उपचाराशी संबंधित दोन्ही व्यवसायांची शिक्षणव्यवस्था स्वतंत्रपणे उभी राहिली. दंतवैद्यकाचे नियमन १९४८ च्या कायद्याने सुरू झाले. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. वाचा व श्रवण क्षेत्रात म्हैसूर येथील अखिल भारतीय संस्था १९६५ साली स्थापन झाली. मुंबईत नायर रुग्णालय आणि टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या परिसरात १९६६ पासून या विषयाचे शिक्षण सुरू झाले आणि १९८३ मध्ये वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. या व्यवसायाचे नियमन १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली येते. अशा प्रकारे एकाच मुलाच्या जिभेकडे पाहणारे दोन व्यावसायिक दोन भिन्न कायद्यांखाली, दोन भिन्न अभ्यासक्रमांतून तयार होतात.

दंतवैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमात अंगठा चोखणे, जीभ ढकलणे आणि तोंडाने श्वास घेणे या सवयी शिकविल्या जातात. पण सवय मोडण्याच्या उपकरणांची माहिती देणे आणि मुलाला सराव शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीकडे, वाचाउपचाराच्या विद्यार्थ्याला सराव शिकविता येतो. पण दातांच्या वाढीचे टप्पे आणि उपचाराची योग्य वेळ यांसाठी त्याला दंतवैद्याची साथ लागते. मुंबईत दंतमहाविद्यालय आणि वाचाउपचाराचे शिक्षण देणारे केंद्र या दोन्ही प्रकारच्या संस्था आहेत. लँकेस्टरच्या धर्तीवर एकत्र अध्यापन करण्यास येथे अंतराची अडचण नाही. अडचण असलीच तर ती रचनेची आहे.

मराठीच्या संदर्भात आणखी एक मुद्दा उपस्थित होतो. परदेशी अभ्यासक्रमांतील उच्चार-सराव बहुतांशी इंग्रजी 'स' आणि त्याच्या जवळच्या ध्वनींभोवती रचलेला असतो. मराठीत 'च', 'ज' आणि 'झ' यांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन-दोन उच्चार आहेत. 'चार' मधील 'च' आणि 'चमचा' मधील 'च' उच्चारताना जिभेची जागा वेगळी असते. शिवाय 'ट', 'ण', 'ळ' यांसाठी जीभ मागे वळवावी लागते. म्हणून मराठी बालकासाठी मूल्यमापनाची शब्दसूची इंग्रजीवरून भाषांतरित करून चालणार नाही. ती मराठी ध्वनिव्यवस्थेतूनच तयार व्हावी लागेल. हे काम भाषेच्या अध्यापकाच्या मदतीशिवाय होणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मुख-स्नायुकार्य उपचाराची मूळ कल्पना दंतवैद्यकात निर्माण झाली. परंतु तिला आवश्यक असलेले अध्यापन-कौशल्य वाचाउपचाराकडे होते. म्हणून संयुक्त प्रशिक्षण ही या विद्येची मूलभूत गरज आहे.

२. १९६० आणि १९७० च्या दशकांतील अल्पमुदतीच्या वर्गांनी विद्येचा प्रसार केला, तसेच तिची विश्वासार्हताही धोक्यात आणली. निदानाचे निकष निश्चित होण्यापूर्वी उपचाराचे प्रशिक्षण दिले गेले, हे त्याचे मुख्य कारण होय.

३. १९७५ चे निवेदन ही या विद्येची समाप्ती नव्हती. त्यातून नियतकालिक लेखन, परीक्षा, प्रत्यक्ष निरीक्षण आणि पात्रतेची निश्चिती यांची निकड स्पष्ट झाली. १९९१ आणि १९९३ ची मान्यता हे त्या नकाराला दिलेले उत्तर होते.

४. ब्राझीलच्या अनुभवावरून असे दिसते की, विद्यापीठीय चौकटीत आलेली विद्या नियंत्रित संशोधन अधिक सहजपणे निर्माण करू शकते. मात्र राजमान्यता हा पुराव्याला पर्याय ठरत नाही.

५. भारतात दोन नियामक व्यवस्थांमुळे संयुक्त प्रशिक्षणाला रचनात्मक अडथळा आहे. प्रादेशिक भाषांची ध्वनिव्यवस्था लक्षात घेऊन अभ्यासक्रम तयार करणे हे येथील स्वतंत्र कार्य आहे.

या इतिहासाचे महत्त्व दंतवैद्य आणि वाचाउपचारतज्ज्ञ यांच्यापुरते सीमित नाही. अनेक महाविद्यालयांत अल्पमुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू होतात आणि त्यांचे स्वागतही होते. असा अभ्यासक्रम मंजूर करताना तो किती तासांचा आहे आणि त्याला मागणी किती आहे, हे आपण पाहतो. त्याच्या मुळाशी असलेले ज्ञान कितपत सिद्ध आहे, विद्यार्थ्याने काय करू नये हे त्याला शिकविले जाते का आणि त्याची परीक्षा शिकविणाऱ्याखेरीज अन्य कोणी घेते का, हे तीन प्रश्नही अभ्यासमंडळाच्या बैठकीत विचारले गेले पाहिजेत. त्यांचे उत्तर न मागता दिलेल्या प्रमाणपत्राची किंमत शेवटी खुर्चीत बसलेले सात वर्षांचे मूल आणि त्याच्या शेजारी उभे असलेले पालक मोजत असतात.